पलंगाचा मधला पट्टा

मी झोपेत पलंगावरून पडलो आणि कपाळाला टेंगूळ आलं. लेकीने थेट सुतारालाच बोलावलं.

"बाबा, मधे झोपा म्हणून सांगून दमले. आता पलंगच अर्धा करते. मग कुठेही झोपलात तरी मधेच."

मधे मी झोपत नाही. त्या पट्ट्याला बायको 'नो मॅन्स लँड' म्हणायची. तिचे दादा इंग्रजीचे मास्तर, त्यांच्याकडून उचललेला शब्द. लग्नानंतरच्या पहिल्याच भांडणात तिने मधे लोड ठेवून तसं जाहीर केलं. भांडण संध्याकाळी मिटलं, लोड माळ्यावर गेला, पट्टा राहिला. तिथे फक्त मांजर झोपायचं. पलीकडे तिची बाजू. ती जाऊन वर्ष होत आलं, तरी ती बाजू कापून द्यायची माझी तयारी नव्हती.

लेकीने पंच म्हणून त्याच मास्तर मेहुण्यांनाही आणलं होतं.

"जावईबापू, हा लढाईतला शब्द," ते म्हणाले. "दोन खंदकांमधली जमीन. एक फौज गेली की पट्टा उरत नाही. सगळं रान तुमचं. पसरा हातपाय!"

"आणि फौज परत आली न् मी तिच्या जागेवर सापडलो तर?"

मेहुण्यांनी चष्मा पुसला. "तिचा स्वभाव बघता धोका आहे खरा."

"मामा, तुम्ही नक्की कुणाच्या बाजूने?" लेक चिडली.

"काका, युद्ध संपलं की हाक मारा," सुतार करवतीवर हात टेकून म्हणाला. "कापू कुठून?"

"बरोबर मधून," म्हणत लेकीने चादर ओढली आणि थबकली. गादीला दोन खळगे पडले होते. तिच्या आईचा ऐसपैस, अर्ध्याच्याही पुढे आलेला. माझा पार काठाला, जेमतेम एका कुशीपुरता.

"म्हणजे आई सरकत होती?"

"रोज थोडी थोडी," मी म्हणालो. "मी कधी बोललो नाही."

"याला म्हणतात आगेकूच!" मेहुण्यांची छाती फुगली.

लेक हसायला लागली. हसता हसता खालीच बसली आणि पदराने डोळे पुसू लागली. आईच्या नावाने ती हसतेय, हे मी वर्षभरात पहिल्यांदा बघत होतो.

"राहू दे," ती सुताराला म्हणाली. "आईने कमावलेलं आहे. कापू नका."

"मग मी आलो कशाला?"

"माझ्या कडेला कठडा लाव," मी म्हणालो. "लहान मुलांच्या पलंगाला असतो तसा."

"जाड लाकडाचा लाव," मेहुणे म्हणाले. "माझी बहीण आहे ती."