म्हाताऱ्यांची कूस

ती हॉस्पिटलात आया होती. संध्याकाळी घरी आली तेव्हा नवरा आणि दीर कॅरम खेळत बसले होते. आतल्या खोलीत सासरे ओल्या चादरीवर पडून होते.

"सकाळपासून यांची कूस कुणी बदलली नाही?"

"त्यांना तुझ्या हाताची सवय आहे," नवरा मान वर न करता म्हणाला.

नवरा गोदामात क्रेन चालवायचा, दीर बँकेत कारकून होता. वर्षभरापूर्वी दोघांचीही कामं यंत्रांनी घेतली. तेव्हापासून सरकार प्रत्येक सज्ञान माणसाच्या खात्यात दरमहा ठरावीक पैसे भरायचं, काम असो वा नसो. तिलाही मिळायचे. पण दुखणाइताला न दुखवता उचलणारं यंत्र अजून निघालं नव्हतं, म्हणून तिची नोकरी तेवढी टिकली होती.

"घरबसल्या मिळतंय तरी वहिनीला मरमर करायची हौस," दीर हसला.

तिने सासऱ्यांना पुसलं, चादर बदलली. मग बाहेर येऊन म्हणाली, "उद्यापासून रजा टाकतेय. घरातलंही काही करणार नाही. तुम्ही बसता तशी बसणार."

नवऱ्याला वाटलं, रुसवा आहे, निघेल.

ती खिडकीशी खुर्ची टाकून बसली. दर दोन तासांनी फक्त "कूस" एवढंच म्हणायची. कुणी उठायचं नाही. तिसऱ्या दिवशी सासऱ्यांच्या माकडहाडावरची कातडी सोलवटली.

नवरा तिच्या अंगावर धावून आला. "माझ्या बापाला मारायचंय का तुला?"

"तुमचाच ना बाप? मग दोन दिवस कुठे होतात?"

आतून सासरे ओरडले, "सूनबाई, पोरांकडून हे करून घ्यायची लाज वाटते मला. तू ये."

सुनेकडून करून घ्यायची मात्र लाज नाही, असंच ते म्हणत होते. तिच्या डोक्यात तिडीक गेली. तरी जखम पाहिल्यावर राहवेना. तिने ती धुतली, मलम लावलं. सगळं आवरून तिने स्वतःची पिशवी भरली. सरकारी पैसे तिच्या नावावर, तिच्या खात्यात यायचे. त्यातून तिने हॉस्पिटलजवळ एक खोली घेतली आणि पुन्हा कामावर रुजू झाली.

आठ दिवसांनी नवरा वॉर्डात आला. ती एका बाईला पेज भरवत होती.

"घरी चल."

"त्यांचं कोण करतंय?"

"मी. धाकटा तर त्या खोलीत पायही टाकत नाही. पाठ धरलीय माझी."

"गुडघे वाकवून उचला. कमरेतून वाकू नका. जखम?"

"सुकतेय." तो घुटमळला. "तुझं काळीज दगडाचं आहे."

"असू दे," ती म्हणाली आणि बाईच्या तोंडाशी पुढचा चमचा नेला.

त्याने भिंतीवरचं घड्याळ पाहिलं. मग म्हाताऱ्यांच्या औषधाची वेळ झाली म्हणून पाय आपटत निघून गेला.