आधी जेवण, मग पत्र

आमच्या गावात इंग्रजी वाचणारे एकटे माझे बाबा. तार आली की लोक त्यांच्याकडे धावत. मरणाची तार असली तरी बाबा म्हणत, "तब्येत जराशी नरम आहे. आधी जेवून घ्या." पोटात भात गेल्यावरच खरं सांगत. त्यांच्या वहीत सरकारी पत्रांतले शब्द होते. कर्टेल, रिट्रेंच, अब्रिज, डिस्कंटिन्यू. एक अख्खं पान नुसतं कापाकापीचं. मी ते पाठ केलं, शिक्षिका झाले, आणि बाबांची रीतही उचलली.

परवा गुणाबाई पत्र घेऊन आली. ब्रह्मपुरीच्या रस्त्यावर एका संस्थेचं वसतिगृह आहे. तिथं ती स्वयंपाक करते, आणि तिथल्याच खोलीत दहावीतल्या लेकीला, दिव्यानीला, घेऊन राहते. पत्र संस्थेच्या चंद्रपूरच्या कार्यालयाचं. पहिल्याच ओळीत 'कर्टेल'. तिची नेमणूक महिनाअखेरीस कापली होती, खोलीसकट. पुढचं वाचायला मी धजले नाही.

"काय लिवलं बाई?"

"काम थोडं कमी केलंय. बस, जेवून घे. मग नीट वाचते."

"थोडंच ना? मले वाटलं हाकललं! जेवाले टाइम कुठी हाय, पोरींचा भात लावाचा हाय." हसत निघूनही गेली. पत्र माझ्यापाशीच राहिलं.

उद्या सांगू म्हटलं. काल गुडघे धरले, तिच्याकडे जाणं झालं नाही.

आज दुपारी ती लाखोरीची भाजी घेऊन आली. "भावानं खानावळीत काम पाह्यलं होतं बाई. मी नाई म्हटलं त्याले. इथलं चालू हाय त कायले जाऊ?"

भाजी माझ्या हातातच राहिली. मी सगळं सांगितलं.

ती खाली बसली. म्हणाली, "परवाच काऊन नाई सांगतलं? मी का लहान लेकरू होती?"

"तू जेवली नव्हतीस," एवढंच माझ्या तोंडून निघालं.

"आता पुरं वाचा. एक अक्षर सोडू नका."

मी वाचलं. शेवटी होतं, हरकत असल्यास अर्ज आजच्या तारखेला पाचपर्यंत, समक्ष. घड्याळात साडेतीन झाले होते. चंद्रपूर इथून तीन तास.

"लिवा बाई."

"गुणा, पोचणार नाही गं."

"लिवा म्हन्तो ना!"

मी ओसरीवर लिहायला बसले. ती रस्त्याच्या मधोमध उभी राहून येईल त्या जीपला हात दाखवत होती.