शुक्रवारची फाइट

दवाखान्यातून घरी आल्यावर पहिल्याच शुक्रवारी स्नेहलनं टीव्ही लावला, आणि गावात त्याचीच चर्चा झाली.

तिचं बाळ गेलं होतं. आठवा महिना सरत आला असताना पोटातली हालचाल थांबली. नवऱ्यानं, राजदीपनं, गाडी ठरवून तिला गोंदियाला नेलं. तिथं तिनं रात्रभर कळा सोसल्या आणि बाळ आलं ते मेलेलंच आलं. नंतर रक्त थांबेना म्हणून तिला सुई दिली, ती झोपून गेली. जाग आली तेव्हा ऊन खाटेवर आलं होतं आणि जवळ फक्त सासू, कुसुमबाई, बसली होती. बाळाला घेऊन सासरा आणि राजदीप केव्हाच गावाकडे निघून गेले होते.

गाव बोदलकसाच्या तलावाच्या खालच्या अंगाला. घरी आल्यावर बायका भेटायला येऊ लागल्या. शेजारची शामकला तर रोज यायची. स्नेहल रडेल, आपण तिला जवळ घेऊ, अशा तयारीनं ती येऊन बसे. स्नेहल तिला पाणी देई, विचारलं तेवढं सांगे. जेवण करी, आंघोळ करी, अंगण झाडायला घेई, मग कुसुमबाई हातातला झाडू काढून घेत. आणि शुक्रवारी आठ वाजता तिनं टीव्ही लावला. पडद्यावर दोन उघडी माणसं एकमेकांना दोरांवर आपटत होती.

शामकला बाहेर पडली आणि हातपंपावर म्हणाली, "पोट्टं जाऊन हप्ता नाही झाला अन् हे बाई मारामारी पाहून राहिली."

ती मारामारी म्हणजे दर शुक्रवारची अमेरिकेतली कुस्ती. गोंदियात सगळे तिला फाइट म्हणत. स्नेहलचे वडील रत्नपाल गोंदियात ऑटो चालवत, आणि शुक्रवारी काही झालं तरी आठच्या आत घरी येत. दोघं बापलेक जमिनीवर ताटं घेऊन बसत. इंग्रजी कॉमेंट्री रत्नपालला कळत नसे, म्हणून ते स्वतःच हिंदीत बोलत सुटत. कोण कोणाचा पुराना दुश्मन, कोणी कोणाच्या बायकोला काय म्हटलं, अर्धं खरं, अर्धं मनचं. स्नेहल दहावीत गेल्यापासून त्यांच्या चुका काढू लागली. तिला पैलवानांच्या सगळ्या भांडणांचा इतिहास पाठ होता. पैलवान आत येताना त्याचं ठरलेलं गाणं वाजे, त्याचा पहिला ठोका पडला की ती नाव सांगायची. मोहल्ल्यातली पोरं म्हणायची, सगळं खोटं असते, आधीच ठरलेलं असते. ती म्हणायची, सिनेमाही ठरलेला असतो, मग तुमची आई तिथं काऊन रडते?

फाइटमधला तिचा माणूस डॅनी रोर्क. पिवळी चड्डी, फार उंच नाही, मार खूप खायचा आणि शेवटी उठायचा. त्याचा वैरी हॅलोरन, केसाळ कोट घालून येणारा, पंचाची पाठ वळली की खुर्ची उचलणारा. रोर्क पडला की स्नेहलच्या तोंडचा घास तोंडातच राही. दोन हजार सातच्या उन्हाळ्यात तिचं लग्न झालं तेव्हा रत्नपालनं आंदणात टीव्ही दिला, आणि सासरच्या गावी केबल नाही म्हणून वर डिशची छत्रीही बसवून दिली. सासरी पहिलं वर्ष ती फाइट पाहायची तेव्हा तिचा आवाज रस्त्यापर्यंत जाई. कुसुमबाईंना ते आवडत नसे, पण त्या बोलल्या नाहीत.

आता मात्र आवाज नव्हता. रोर्कचं गाणं वाजलं, पडद्यावरचं सगळं मैदान उभं राहिलं. स्नेहलला ओळखू आलं की हे रोर्कचं गाणं. इतकंच. तो पडला तेव्हा पडला, उठला तेव्हा उठला. जाहिरात लागली तेव्हा तिनं जाहिरात पाहिली. नऊ वाजता कार्यक्रम संपला, पुढं मोटारींच्या शर्यती सुरू झाल्या, त्याही ती पाहत राहिली. शेवटी राजदीपनं येऊन बंद केला.

राजदीप तिरोड्याच्या राइस मिलमध्ये कामाला होता. सकाळी मोटारसायकलनं जायचा, केसात धानाचा कोंडा घेऊन परत यायचा. बाळाचा विषय त्यानं काढला नाही. माहेरी जाऊन ये चार दिवस, असं तो एकदा म्हणाला. तिनं विचारलं, कायले? तो मोटारसायकल पुसायला लागला. रात्री तो भिंतीकडे तोंड करून झोपायचा. तिला त्याचं वाईट वाटत नव्हतं, आणि वाईट वाटत नाही याचंही काही वाटत नव्हतं.

एका शुक्रवारी रत्नपाल ऑटो घेऊन आले. सफरचंदं आणली होती. आठ वाजता दोघं पहिल्यासारखे जमिनीवर बसले, आणि पोरीला बरं वाटावं म्हणून त्यांनी आपली कॉमेंट्री सुरू केली. "अब देखना, अब छोडेगा नहीं. पिछले हप्ते का बदला है." स्नेहलनं त्यांच्याकडे पाहिलं. इथं हसायचं असतं हे तिला आठवलं, म्हणून ती हसली. रत्नपाल बोलता बोलता थांबले. जाहिरात लागल्यावर ते बाहेर गेले आणि ऑटोच्या हँडलवर हात ठेवून बराच वेळ उभे राहिले. फाइट संपेपर्यंत ते आत आले नाहीत.

त्यानंतर सासरे, गुलाब, तिच्यासोबत बसू लागले. एरवी त्या वेळी ते बुद्धविहाराच्या ओट्यावर असायचे. आता शुक्रवारी ते दाराशी अंबाडीचे दोर वळत बसत. नावं त्यांच्या लक्षात राहत नसत. रोर्क म्हणजे पिवळी चड्डी, हॅलोरन म्हणजे कोटवाला. एका अजस्र पैलवानाला ते गावच्या पोलीस पाटलाच्या नावानं हाक मारत. मधूनमधून विचारत, हा याले काऊन मारून राहिला? ती एका वाक्यात सांगायची. तेवढ्यावर ते पुन्हा दोर वळायला लागत. धान निसवण्याच्या, लोंब्या बाहेर पडण्याच्या दिवसांत लोडशेडिंग वाढलं. फाइट मध्येच बंद पडायची. कुसुमबाई कंदील आणून ठेवत, आणि सून काळ्या पडद्याकडे तोंड करून बसलेली त्यांना दिसे. गुलाबही बसलेले असत.

धान कापून झालं त्या सुमारास एका शुक्रवारी टीव्हीवर वेगळंच काही होतं. गाणं नाही, आतषबाजी नाही. सगळे पैलवान वरच्या मंचावर ओळीनं उभे होते, दंडावर काळी पट्टी बांधून. सॅम टिबेट नावाचा म्हातारा पैलवान वारला होता. स्नेहलनं त्याला लहानपणी पाहिलं होतं. खाली रिंगणात घंटेपाशी एक माणूस उभा राहिला आणि थांबून थांबून टोले देऊ लागला. हॅलोरनही होता. कोट नव्हता, साधा काळा सदरा घातला होता, आणि तो रडत होता.

गुलाबनं विचारलं, काय झालं? स्नेहलनं सांगितलं, त्या म्हाताऱ्याचं आणि हॅलोरनचं जुनं वैरही सांगितलं.

"अन् हा कोटवाला रडून राहिला? याचा तं दुश्मन होता म्हनत होती ना तू."

"दुश्मन खेळातला जी."

घंटा वाजत राहिली. मग त्या म्हाताऱ्याचे जुने फोटो दाखवू लागले. तरुण असतानाचा, लग्नातला, मांडीवर नात घेतलेला. स्नेहल ते पाहत होती. पडद्यावरची नजर न काढता ती म्हणाली, "मामाजी, पोरगा होता का पोरगी?"

गुलाबचे हात थांबले. त्यांनी आधी स्वयंपाकघराकडे पाहिलं. कुसुमबाई मागच्या अंगणात भांडी घासत होत्या.

"तुले कोनी सांगतलं नाही?"

"नाही."

"राजदीपनं?"

"मी विचारलं नाही. त्यांनी सांगतलं नाही."

गुलाबनं दोर बाजूला ठेवला. "पोरगी होती," ते म्हणाले. "डोक्शावर लय केस होते. नाक तुह्यावानी."

स्नेहलनं मान हलवली. टीव्हीवर साबणाची जाहिरात लागली होती. ती संपल्यावर तिनं विचारलं की बाळाला कुठं ठेवलं. गुलाब म्हणाले, सकाळी दाखवतो.

सकाळी ते तिला शेताकडे घेऊन गेले. बांध्यांमध्ये, बांध घातलेल्या तुकड्यांत, धानाची खुंटं होती आणि त्यांच्यामधून लाखोळीचं कडधान्य हिरवं वर आलं होतं. शेताच्या पलीकडे नाला. नाल्याच्या काठी करंजाच्या झाडाखाली मातीचा छोटा उंचवटा होता, वर दगड रचलेले. कोल्ह्यांनी उकरू नये म्हणून, गुलाब म्हणाले. खड्डा राजदीपनं खोदला. पण खोदून झाल्यावर तो बाळ हातातून सोडेना. कितीतरी वेळ तसाच बसून राहिला, मग गुलाबनं त्याच्या हातातून घेतलं.

आणि बाळ स्नेहलला दाखवायचं नाही, हे कुसुमबाईंनी ठरवलं होतं. तेही त्यांनी सांगितलं. कुसुमबाईंचं पहिलं बाळ असंच गेलं होतं, राजदीपच्या आधी. तेव्हा सुईणीनं त्यांना तोंड दाखवलं होतं. मग कितीतरी वर्षं चुलीपुढं बसल्या की ते तोंड दिसायचं, रोवणीला वाकल्या की चिखलात दिसायचं. म्हणून दवाखान्यात त्या म्हणाल्या, हिले दाखवू नोका. पाहिलं नाही तं विसरून जाईल.

"आत्याबाई विसरल्या नाही ना?" स्नेहलनं सासूबद्दल विचारलं.

"नाही."

"मंग न पाहता मी कशी विसरीन?"

गुलाब थोडे दूर जाऊन उभे राहिले. स्नेहल उंचवट्यापाशी बसली. आता येईल काहीतरी, असं तिला वाटलं, आणि ती वाट पाहत राहिली. एका दगडावरून मुंग्यांची रांग चालली होती. नाल्यात पाणी थोडंच उरलं होतं. गुटख्याची एक पुडी वाऱ्यानं येऊन दगडांत अडकली होती, ती तिनं काढून टाकली. दगड नीटच होते, तरी एक उचलून पुन्हा ठेवला. काही आलं नाही. मग दोघं घरी आले आणि तिनं भाकर खाल्ली.

संध्याकाळी राजदीप आला. ओसरीत बसून तो बूट काढत होता, तेव्हा ती म्हणाली, मी आज नाल्यावर जाऊन आली. त्यानं एक बूट काढला होता, दुसरा तसाच पायात राहिला. त्यानं गळ्यातला दुपट्टा तोंडावर घेतला आणि तो रडायला लागला. आवाज दाबून, पण सबंध अंग हलत होतं. स्नेहल त्याच्याजवळ बसली आणि तिनं त्याच्या पाठीवर हात ठेवला. ठेवलेला हात तिला दुसऱ्या कोणाचा असावा तसा दिसत होता. तरी तिनं तो काढला नाही. त्या रात्री राजदीप तिच्याकडे तोंड करून झोपला. नाव काय ठेवलं असतं, असं त्यानं विचारलं. तिनं काही ठरवलं नव्हतं, तसं तिनं सांगितलं.

थंडीचे शुक्रवार जात राहिले. स्नेहल शेतात जाऊ लागली, लाखोळीची भाजी खुडून आणू लागली. शामकलाशी बोलायची. नाल्यावरही कधी जायची, कधी नाही. टीव्ही मात्र आठ वाजता लागायचा. ती का पाहते ते तिलाही सांगता आलं नसतं. तो बंद ठेवला तर त्या तासाचं काय करायचं, हे तिला ठाऊक नव्हतं.

फेब्रुवारीत रोर्क आणि हॅलोरनची अजिंक्यपदाच्या पट्ट्यासाठी लढत होती. गुलाब त्या दिवशी एका साक्षगंधाला गेले होते, राजदीप मिलमधून यायचा होता. कुसुमबाई सुपात तांदूळ घेऊन निवडायला आल्या. एरवी त्या चुलीपाशी बसत. आज त्या येऊन स्नेहलच्या खाटेवरच बसल्या. स्नेहल सरकली.

लढत लांबली. रोर्कनं हॅलोरनला खाली पाडलं, पंच मोजायला वाकला आणि दोरांत अडकून तोच पडला. हॅलोरननं खुर्ची ओढली. रोर्कची पाठ त्याच्याकडे होती.

"त्या पंचाले दिसत नाही का?" कुसुमबाई म्हणाल्या.

"नाही जी. तो पडला आहे."

"अन् इतके लोक बसले, कोनी सांगत काऊन नाही?"

"सांगून राहिले ना. त्याले ऐकू येत नाही."

खुर्ची पाठीत बसली. रोर्क पालथा पडला, पंच रांगत आला, त्यानं तीन मोजले. स्नेहलला बोटं दुखल्यासारखी वाटली. तिनं खाली पाहिलं. खाटेची नवार तिनं मुठीत धरली होती, नखं पांढरी पडली होती. तिनं मूठ हळूहळू सोडली. कुसुमबाईंनी ते पाहिलं. तांदळावरचा त्यांचा हात थांबला.

"दाखवू नोका म्हून मीच म्हनलं होतं," त्या म्हणाल्या.

"मालूम आहे मले. मामाजींनी सांगतलं."

"मंग राग आला अशीन."

स्नेहलनं विचार केला. खोटं बोलावंसं वाटेना, आणि खरं काय तेही नीट दिसेना. "अजून नाही आला," ती म्हणाली. "आला तं सांगीन."

"सांगजो," कुसुमबाई म्हणाल्या.

त्यांनी एक खडा उचलून दाराबाहेर टाकला. टीव्हीवर हॅलोरन पट्टा खांद्यावर टाकून, कोट ओढत, वरच्या मंचाकडे निघाला होता आणि लोक त्याच्यावर कागदी पेले फेकत होते. या दोघांचं भांडण मुळात लागलं कशावरून, असं कुसुमबाईंनी विचारलं. स्नेहलनं आवाज कमी केला आणि पहिल्यापासून सांगायला घेतलं.