दत्ताभाऊंची एक चांदणी

कंप्रेसर घरघरत होता, रंगारी तोंडाला फडकं बांधून मूर्तींच्या पितांबरांवर पिवळा मारत होते, दारात शाडूची पोती उतरत होती, आणि फोन म्हणत होता की कारखाना कायमचा बंद झाला आहे.

शीतलने ओढणीच्या टोकाने फोनची काच पुसली आणि पुन्हा शोधलं. वडिलांचं नाव टाकून, नुसतं ‘पेण शाडू गणपती’ टाकून, तिसऱ्यांदा इंग्रजीत. आता वरती सगळ्यात आधी एक चौकट येते, त्यात यंत्रच सगळं वाचून दोन ओळींत सांगून टाकतं. त्या चौकटीत लिहिलं होतं: ‘मालकांच्या निधनानंतर हा कारखाना बंद झाल्याचे दिसते. भेट देणाऱ्यांनी आपला अनुभव दुःखद असल्याचे नमूद केले आहे.’ खाली एक पूर्ण चांदणी आणि दुसरीचा जेमतेम तुकडा. पेणमध्ये इतकी वाईट चांदणी कुणा वडापाववाल्यालाही मिळाली नसेल.

वडील, दत्ताभाऊ, दिवाळीनंतर गेले. जुने व्यापारी फोनवर विसंबून नव्हते, पण जुने व्यापारी आता उरलेतच किती? गेल्या काही वर्षांत कारखाना चालत होता तो घरगुती गिऱ्हाइकावर. ठाण्याची, पुण्याची, नाशिकची माणसं बसल्या जागी शोधतात, वर जो दिसेल त्याला फोन लावतात आणि आपली मूर्ती सांगून ठेवतात. माघ सरत आला तरी या वर्षी एकही नवा फोन नव्हता. पाडव्यापर्यंत असंच राहिलं, तर रंगारी शेजारच्या जिते गावातल्या कारखान्यांकडे वळणार हे उघड होतं. त्यांचं काय चुकलं? त्यांनाही घरं आहेत. आणि रंगारी गेले, की मागे उरतं ते साच्यांचं गोदाम.

शीतलचा जीव थाऱ्यावर नव्हता. साच्यातून मूर्ती काढता काढता ती मध्येच फोन बघायची. फोनला शाडू लागायचा, शाडूला फोनचा उजेड, आणि चौकट होती तिथेच.

शेवटी ती एसटी पकडून रोह्याला निघाली. तिचा मावसभाऊ निकेश तिथल्या अष्टमी गावात, पुलाच्या अलीकडे, एका गाळ्यात बसून दुकानांची ‘ऑनलाइन’ कामं करायचा. राफ्टिंगवाले, मंगल कार्यालयं, एक दाताचे डॉक्टर, सगळ्यांना वरती आणून बसवायचं हा त्याचा धंदा. बोलायला लागला की तो थांबायचा नाही, पण पोरगा कामाचा होता.

त्याने पान उघडलं आणि कपाळाला हात लावला.

“ताई, ही काय रिव्ह्यूची जागा हाय का दहाव्याचा घाट? सगळ्यांनी भावपूर्ण श्रद्धांजली लिवलंय. आणि एकेक स्टार!”

“ते माहिताय मला. पण तिथं कसे काय लिहायला गेले सगळे?”

निकेशने विचारलं, “मयताचा मेसेज कुणी टाकला होता?”

मेसेज तिनेच टाकला होता. घराची गल्ली अरुंद, म्हणून दत्ताभाऊंना कारखान्यातच ठेवलं होतं आणि अंत्ययात्रा तिथूनच निघाली. बाहेरगावच्यांना पत्ता सापडावा म्हणून तिने मेसेजखाली कारखान्याच्या नकाशाची लिंक जोडली होती. माणसं ती लिंक धरून आली, खांदा देऊन, पाणी देऊन परत गेली. घरी पोचल्यावर प्रत्येकाच्या फोनने आपल्या सवयीने विचारलं, तुम्ही या ठिकाणी गेला होतात, कसं वाटलं? आणि आपली माणसं पडली साधी. विचारलंय तर सांगायला नको का? त्यांनी लिहिलं, फार वाईट वाटलं. आता मरणाला पाच चांदण्या द्यायला हात कुणाचा धजावणार? ज्याला जास्त दुःख झालं त्याने एकच दिली.

निकेश हसू दाबत होता. मग शीतलच हसली, आणि हसता हसता तिचे डोळे भरून आले. त्याने उठून तिच्यासाठी चहा मागवला.

“पूर्वी सोपं होतं, ताई. पेण गणपती, पेण गणपती असं पानावर दहा जागी घुसडलं की काम भागायचं. आता लोक खाली उतरतच नाय. वर यंत्र जे बोललं तेच खरं. यंत्राला वाटतंय तुमचं दुकान मेलं. तर दोन गोष्टी कर. एक, हे सगळे रिव्ह्यू रिपोर्ट कर, विषयाशी संबंध नाय म्हणून. एकेक करून उडतील. दुसरं, रील टाक. मूर्तीचे डोळे काढतानाचा. आणि जमलं तर थोडी रड.”

“रडू?”

“रडलीस की लांबपर्यंत जातो गो व्हिडिओ.”

“तुझ्या तोंडाला काही हाड?” शीतल म्हणाली. पण रिपोर्ट कसं करायचं ते तिने नीट समजून घेतलं.

परतीच्या एसटीत खिडकीशी बसून तिने सुरुवात केली. मालती टीचर, एक चांदणी: ‘आमच्या घरचा गणपती पिढ्यान्‌पिढ्या दत्ताभाऊंचा. आता कुणाकडे जायचं?’ रिपोर्ट. कारण: विषयाशी संबंधित नाही. धरमतर खाडीतल्या बार्जवरचा काळू, एक चांदणी: ‘भला मानूस गेला.’ रिपोर्ट. नागोठणे येईपर्यंत बोट चालत राहिलं. वडखळला एसटी रखडली तेव्हा तिने फोन पर्समध्ये टाकला आणि हात ओढणीला पुसले. हाताला काही लागलेलं नव्हतं.

खरी अडचण घरी होती. आईला, म्हणजे सरूबाईंना, जवळचं बारीक दिसत नसे. दत्ताभाऊ गेल्यापासून रोज तिन्हीसांजेला दिवा लावून झाला की त्या म्हणत, “वाच गो, कोन काय बोललाय ते.” शीतल फोन उघडून ते सगळं वाचे आणि सरूबाई प्रत्येकाला उत्तर देत. काळूला म्हणत, “तुला तरी कोन हाय रे.” मालती टीचरांना म्हणत, “या, आमी काय दार लावलं नाय.” नवरा गेलेल्या बाईला भेटायला माणसं तेरा दिवस येतात, मग ज्याचा तो कामाला लागतो. सरूबाईंकडे मात्र ती माणसं अजून रोज येत होती. त्यांच्या दिवसातला तेवढाच वेळ बरा जात होता.

रिपोर्ट केलेले हळूहळू गळायला लागले.

“मालतीबाईंचा नाय वाचलास,” सरूबाई म्हणाल्या.

“नेट नाय आज.”

“नेट नाय तर बाकीचे कुठून वाचतेस?”

शीतलने विषय बदलला. दुसऱ्या दिवशी काळूही गेला होता. सरूबाई नुसत्या वातीकडे बघत बसल्या. ते शीतलला जास्त लागलं. स्वतःचा राग आला, यंत्राचा आला, आणि सगळ्यात जास्त आला तो गेलेल्या बापाचा.

कारण मूर्तींच्या ज्या डोळ्यांसाठी कारखान्याचं नाव होतं, ते डोळे दत्ताभाऊंचे नव्हतेच. त्यांचा हात थरथरायला लागून बरीच वर्षं झाली होती. तेव्हापासून प्रत्येक मूर्तीच्या डोळ्यांची आखणी शीतल करत होती. पण दारात गिऱ्हाईक आलं, की दत्ताभाऊ तिच्या हातातून ब्रश घेत, पाटावर बसत, मान कलती करून मूर्तीकडे बघत. गिऱ्हाईक म्हणे, “दत्ताभाऊंच्या डोळ्यांची सर कुणाला नाही.” दत्ताभाऊ हसत. ‘पोरीने काढलेत’ एवढे दोन शब्द त्या माणसाच्या तोंडून कधी निघाले नाहीत. ते वाईट नव्हते. लाजत होते, भीत होते, काय होतं ते त्यांनाच ठाऊक. पण आता सगळ्यांना वाटत होतं की डोळे त्यांच्याबरोबर गेले, आणि शीतलला ओरडून सांगावंसं वाटत होतं की अरे, डोळे इथेच आहेत.

तिने रील टाकला. रडली नाही. ब्रश धरला, पापणीची रेघ ओढली, बुबुळ भरलं, पांढरा ठिपका दिला आणि मूर्ती बघायला लागली. रील बरा फिरला. उत्सुकतेने तिने खालचे अभिप्राय उघडले. पहिलाच होता, ‘दत्ताभाऊंची आठवण आली. भावपूर्ण श्रद्धांजली.’ त्याखाली हात जोडलेल्यांची रांग लागली होती.

शीतलने फोन शाडूच्या घमेल्यात फेकला. मग मुकाट्याने काढून धुतला.

होळी होऊन गेली. मोठ्या रंगाऱ्याने सकाळी सहज विचारल्यासारखं विचारलं, “शीतलताई, पाडव्यानंतर काय हाय?” तिने “बघू” म्हटलं आणि आत जाऊन उरलेसुरले एकचांदणीवाले काढायचे म्हणून पान उघडलं. आता आईला काय वाटेल ते वाटो. यादी सरकवत ती तळाशी आली आणि तिथलं नाव तिने दोनदा वाचलं.

दत्ता पाटणे. एक चांदणी. शब्द एकही नाही.

तारीख मार्गशीर्षातली होती. म्हणजे ते गेल्यानंतरची.

आपल्याच कारखान्याला, मेल्यावर, एक चांदणी! कुणाचा तरी नीचपणा असेल, असं तिला वाटलं. मग भलभलतं वाटायला लागलं. बोट रिपोर्टवर होतं, पण दाबवेना. ती तशीच उठली, रंगाऱ्यांना काही न सांगता, चपलाही उलटसुलट घालून, गल्लीतून घरी गेली.

सरूबाई ओट्यावर तांदूळ निवडत होत्या. त्यांच्या शेजारी दत्ताभाऊंचा जुना फोन होता. त्यांना स्वतःचा फोन कधीच नव्हता. दत्ताभाऊ गेल्यापासून त्यांचाच त्या बरोबर बाळगत, कुणाचा आला तर घ्यायचा म्हणून. शीतलला दारातच सगळं कळलं.

“आई, ही तू दाबलीस?”

सरूबाईंनी ताट बाजूला ठेवलं. “तेरावं झाल्यावर मी कारखान्यात दिवा लावायला गेलेली. पहिल्यांदाच, ते नसताना. घरी आले तर फोन वाजला. पाच चांदन्या होत्या. काय लिवलंय ते दिसंना, म्हनून शेजारच्या संध्याला इचारलं. ती बोलली, काकी, फोन इचारतोय, तिथं जाऊन कसं वाटलं.” त्या थांबल्या. “आता कसं वाटेल गो? मी सांगितलं.”

शीतल आईजवळ खाली बसली. सकाळपासून, खरं तर दिवाळीपासून, पहिल्यांदाच ती नुसती बसली. मग तिने सगळं सांगून टाकलं. चौकट, रंगारी, एसटीत केलेले रिपोर्ट, मालतीबाई आणि काळू.

“नेट गेलेला नाय ते माहीत होतं मला,” सरूबाई म्हणाल्या. “ते दोघं काय बोलले ते पाठ हाय माझं. पन तू माझ्याशी खोटं नको बोलूस.”

“नाही बोलणार.”

“चल.”

“कुठे?”

“कारखान्यात. तिथं गेल्याबिगर इचारत नाय ना तो.”

तसं काही नव्हतं, घरीही बदलता आलं असतं, पण शीतल उठली. दोघी कारखान्यात आल्या. सरूबाई दत्ताभाऊंच्या पाटावर बसल्या आणि म्हणाल्या, “काढ डोळे. मी बघते.” रंगाऱ्यांनी कंप्रेसर बंद केला. शीतलने एका मूर्तीची आखणी केली. आधी तिचा हात जड होता, मग सुटला. सरूबाई शेवटपर्यंत बघत राहिल्या. दत्ताभाऊ बघत तशी मान कलती करून.

“त्यांचा फोन घे,” त्या म्हणाल्या. “ती चांदनी बदलते काय?”

शीतलने ती जागा उघडून दिली. सरूबाईंनी बोट टेकवलं. दोन, तीन, चार. पाचव्यावर बोट थांबलं.

“चारच ऱ्हाऊ दे. ते नसताना पाच कशा देऊ?”

“बरं.”

“आता खाली लिव. कारखाना चालू हाय. डोळे माझी पोरगी शीतल काढते. आधीपास्नं तीच काढते.”

शीतलचं बोट थबकलं. “आई, यावर बाबांचं नाव आहे. लोकांना वाटेल तेच बोलतायत.”

“मग?” सरूबाई म्हणाल्या. “मला रोज रात्री बोलायचे. सरू, पोरीचा हात माझ्यापेक्षा चांगला. मी बोलायची, तिला सांगा. बोलायचे, सांगेन. लिव तू.”

शीतलने लिहिलं. अक्षरं दिसत नव्हती, तरी लिहिलं. त्यानंतर तिने एकही रिव्ह्यू काढला नाही. उलट दोघी मिळून उरलेल्या प्रत्येकाला खाली उत्तर लिहू लागल्या, जी उत्तरं सरूबाई इतके दिवस हवेत देत होत्या तीच. या, आम्ही काय दार लावलं नाही. निकेश फोनवर ओरडला, अशाने काही होत नसतं. पाडव्याच्या आदल्या दिवशी त्याचाच पुन्हा फोन आला.

“ताई, आत्ताच्या आत्ता शोध!”

तिने शोधलं. ‘कायमचा बंद’ गेलं होतं. चौकटीत नव्या दोन ओळी होत्या. तिने त्या आधी मनात वाचल्या, मग पाटावर बसलेल्या आईला मोठ्याने वाचून दाखवल्या: “कारखाना सुरू आहे. दत्ता पाटणे यांनी अलीकडेच सांगितल्यानुसार, मूर्तींचे डोळे सुरुवातीपासून त्यांची मुलगी शीतल काढते.”

सरूबाईंनी पदर तोंडाला लावला.

“बोलले बाई एकदाचे,” त्या म्हणाल्या.

शीतलच्या हातातला फोन वाजला. ठाण्याचा अनोळखी नंबर होता. तिने ब्रश दुसऱ्या हातात घेतला आणि फोन कानाला लावला.

“दत्ताभाऊंचा कारखाना का? डोळे काढतात त्या शीतलताईंशी बोलायचं होतं.”

“मीच,” ती म्हणाली.