हिरव्या साडीची खूण

दोन दिवसांत नागपूरची अकरा ठिकाणं बसवणारा कागद मी आठवडाभर आधीच तयार केला होता. बसच्या वेळा, चालायला लागणारी मिनिटं, सावली कुठे मिळेल, सगळं त्यात होतं. कोराडीच्या वीज केंद्रात पाण्याच्या प्रयोगशाळेत लागून मला सात महिने झाले होते, आणि अमरावतीच्या हॉस्टेलमधल्या माझ्या दोन मैत्रिणी, शामला आणि गोपिका, पहिल्यांदाच माझ्याकडे येणार होत्या. गोपिकाने कागद वाचला आणि म्हणाली, "चारू, श्वास घ्यायले किती मिनिटं ठेवले वं यात?"

त्या कागदावरची शेवटची ओळ मात्र माझी नव्हती. रविवार, सायंकाळी पाच, तेलंगखेडी बाग. ती वेळ शामलाच्या आईने ठरवली होती.

शामलाला वर्षभरात पाच जणांनी पाहून नाही म्हटलं होतं. रंग, चष्मा, शिक्षण जास्त, बोलणं कमी, अंगाने बारीक. पाच निरीक्षणांत एकही कारण दोनदा आलेलं नव्हतं. पाचव्या नकारानंतर तिने घरी सांगून टाकलं की यापुढे पोह्यांची बशी घेऊन मी कोणासमोर बसणार नाही. मग तिच्या वडिलांनी पुलगावच्या रुपरावांचा विचार सुरू केला. ते विधुर होते, मोठी मुलगी अकरा वर्षांची. येत्या बुधवारी त्यांना शब्द द्यायचा होता. त्याआधी काटोलच्या एका शाळामास्तरांचं स्थळ आलं होतं आणि त्यांच्या मावशी, कांताबाई, नागपुरात राहत. मुलीला कळू न देता लांबून पाहून घेऊ, असं त्या म्हणाल्या. आमच्याकडे असं करतात. देवळात, जत्रेत, बागेत. शामलाच्या आईने, प्रयागबाईंनी, मला लिहिलं, "पोरी, तू फक्त तिले तेथे आण. नाही तर पुलगाव ठरलंच समज."

मी हो म्हटलं. वर कांताबाईंना चिठ्ठीही पाठवली: तिघी असू, शामला हिरव्या साडीत असेल, पिवळे काठ, केसांत फूल नाही. हिरवी साडीच तिच्या पिशवीत घालते, असं प्रयागबाईंनी कळवलं होतं. आपण चूक होऊ नये म्हणून किती नेमकं लिहिलं आहे, असं मला तेव्हा वाटलं होतं.

शनिवार बरा गेला. अजब बंगल्यात, म्हणजे तिथल्या जुन्या संग्रहालयात, गोपिकाने प्रत्येक मूर्तीला आमच्या एकेका प्राध्यापिकेचं नाव दिलं. महाराजबागेत वाघ झोपलेला होता आणि तो उठेपर्यंत थांबायचंच, असा शामलाने हट्ट धरला. माझ्या वेळापत्रकाची पंचेचाळीस मिनिटं तिथे गेली. वाघ काही उठला नाही. परतीच्या बसमध्ये शामला खिडकीशी बसली होती. ती म्हणाली, "किती दिवसांनी कोणी माझ्याकडे पाहून नाही राहिलं. वाघानंसुद्धा नाही पाहिलं." गोपिका हसली. मी हातातल्या कागदाची घडी केली. कांताबाईंच्या घरी फोन नव्हता, आणि असता तरी नको म्हणून सांगितल्यावर बुधवार यायचाच होता.

रविवारी सकाळी मी चहा गाळत होते. शामला माझी राखाडी सुती साडी नेसून बाहेर आली आणि हिरवी साडी तिने माझ्या खांद्यावर टाकली.

हॉस्टेलचा नियम होता तो. फिरायला जाताना कोणी स्वतःची साडी नेसायची नाही. नियम मीच काढला होता, आणि सात महिन्यांत मीच विसरले होते. मी म्हटलं, मला हिरवा रंग शोभत नाही. गोपिका म्हणाली, पहिल्या वर्षी तीन महिने तू माझीच हिरवी नेसून फिरलीस. मी म्हटलं, बागेत मळेल. शामला म्हणाली, "मळू दे ना वं. माझ्या आईनं जबरदस्तीनं घातली पिशवीत. मले त्या साडीचं तोंडही पाहायचं नाही."

अंबाझरीच्या तलावावर मी दोघींना बदकांच्या जाती चुकीच्या सांगितल्या. सदर बाजारात जेवताना पुन्हा प्रयत्न केला: साडी सुटते आहे, गोपिकाच्या आत्याचं घर इथे जवळच आहे, तिथे बदलून घेऊ. शामलाने चार पिना काढून दिल्या. उशीर व्हावा म्हणून मी दुकानांमध्ये रेंगाळले, तर गोपिकाच कागद काढून ओरडू लागली, "चला चला, बाईसाहेबांची पाचची वेळ चुकून राहिली." पाचला दोन मिनिटं असताना आम्ही बागेत होतो.

कांताबाई मला लगेच ओळखू आल्या. नळाजवळच्या बाकावर पन्नाशीची एक बाई एकटीच बसली होती. मांडीवर पिशवी, आणि नजर थेट माझ्यावर. आधी पायांवर, मग वर, मग बराच वेळ चेहऱ्यावर. मी शेंगदाणे सोलत होते. बोटं कशी दिसत असतील, असा विचार आला आणि सोलता येईना.

उत्तर काहीही आलं तरी ते शामलाच्या नावावर जाणार होतं. नाही आलं तर तो तिचा सहावा नकार, आणि पुलगाव. हो आलं तर घरी रीतसर पाहायला येतील तेव्हा मुलगी वेगळीच निघेल, काटोलची माणसं फसवलं म्हणून उठून जातील, आणि पुन्हा पुलगावच. तिसरं काही होतं का, ते मी शोधत राहिले. सापडलं नाही. पाणी पिऊन येते असं सांगून मी नळाकडे गेले.

कांताबाई माझ्याकडे न बघता, जणू सहजच म्हणाल्या, "कोणत्या गावची वं तू?"

"मी शामला नाही," मी हळू आवाजात म्हटलं. "साड्या बदलल्या. शामला ती, राखाडी साडीवाली."

"मग तू कोण?"

"मीच चिठ्ठी लिहिली होती."

त्यांनी पिशवी बाजूला ठेवली आणि बाकावरच पूर्ण वळून बसल्या. मीही नकळत त्यांच्याबरोबर तिकडे पाहिलं.

शामला गवतावर पाय पसरून बसली होती, चपला लांब, पदरात टरफलं, गोपिकाच्या कुठल्यातरी बोलण्यावर हसत. हसताना तिचं लक्ष आमच्याकडे गेलं. बाईंकडे, मग माझ्याकडे, पुन्हा बाईंकडे. हसू लगेच थांबलं नाही, सावकाश थांबलं. मग तिने टरफलं झटकली. पाय जवळ घेतले. चपला ओढून घातल्या, पदर उजव्या खांद्यावरून पुढे आणला, दोन्ही हात मांडीवर ठेवले आणि समोर हातभर अंतरावरच्या गवताकडे बघत बसली. तीन वर्षं मी तिच्याबरोबर एका खोलीत राहिले, पण तिचं हे बसणं मी कधी पाहिलं नव्हतं. गोपिका बोलतच होती.

"चालते कशी ते समजत नाही बसल्यावर," कांताबाई म्हणाल्या. "हाक मार ना तिले."

मी हाक मारली नाही. मान हलवून नको म्हणण्याचा प्रयत्न केला, पण ती खाली बघत होती. मग ती आपणच उठली आणि एकेक पाऊल सारख्या अंतरावर टाकत, खाली मान घालून, नळाकडे येऊ लागली. कांताबाईंनी चष्मा काढून पदराला पुसला आणि पुन्हा लावला.