दहा वर्षांचा फ्रीझर

डॉक्टरांनी सहा महिने सांगितले ते मला आणि पंचशीलला, यांना नाही. हे बाहेर बाकावर बसले होते. पंचशील, आमचा मुलगा, मला जिन्यापाशी घेऊन गेला. "आई, पापांना कळू द्यायचं नाही. कळलं तर हिंमतच सोडतील." मला पटलं. आमच्याकडे सगळे असंच करतात. माझ्या सासऱ्यांच्या वेळी यांनीही असंच केलं होतं. यांना सांगितलं, आतड्याला सूज आहे, औषधानं उतरेल.

तेव्हापासून माझं काम एकच, यांच्यासमोर रोजच्यासारखं राहायचं. मी मुळात चिडखोर बाई, गोड बोलले असते तर यांना लगेच संशय आला असता. म्हणून मी पंख्यावरून भांडले, चहातल्या साखरेवरून भांडले, आणि दरवेळी मोरीत जाऊन तोंड धुतलं.

फ्रीझरचा विषय यांनीच काढला. हिवाळ्यात मी मटार सोलून थैल्या भरते आणि उन्हाळ्यात जुनी इंदूर भागात घरोघरी विकते. निम्मा माल शेजारणींच्या फ्रिजमध्ये ठेवायचा आणि वर त्यांचे उपकार मानायचे. आठ वर्षं मी डीप फ्रीझर मागत होते तेव्हा यांनी कानाडोळा केला, आणि आता औषधांना पैसे पुरत नाहीत तेव्हा यांना तो आजच हवा होता. मी नको म्हटलं. यांनी काठी घेतली आणि रिक्षा बोलावली.

सियागंज बाजाराच्या पुढच्या एका दुकानात अश्विन नावाचा सेल्समन भेटला. त्यानं दोन फ्रीझर दाखवले, दोन्ही शंभर लिटरचे. एकावर तीन तारे, एकावर पाच. पाचवाला सहा हजारांनी महाग. मी तीनवाल्यावर हात ठेवला. "हाच देऊन द्या, भिया."

"थांब कांता," हे म्हणाले. "आधी लेबल वाच."

बत्तीस वर्षं वीज मंडळात मीटर रीडिंग केलेला माणूस. मला वाटलं, आता स्वतःच वाचून दाखवतील. पण हे स्टुलावर बसले आणि मलाच पुढे ढकललं.

"तारे नंतर बघ. वर्षाचे युनिट किती लिहिलेत?"

"तीनशे दहा."

"आणि दुसऱ्यावर?"

"एकशे नव्वद."

"आता लिटर बघ. लिटर सारखे असले तरच युनिटांची बराबरी करायची. मग लेबल कोणत्या सालचं ते बघ. नियम कडक होत जातात. जुन्या सालचे पाच तारे आजच्या तीनच्या लायकीचे निघू शकतात. लक्षात राहील?"

"मला कशाला शिकवून राहिले? तुम्ही आहात ना वाचायला."

तोंडातून गेलं आणि माझं मलाच कसंसं झालं. "पुन्हा सांग," हे म्हणाले. भर दुकानात, चार गिऱ्हाइकं बघत असताना, साठीची मी शाळेतल्या पोरीसारखं सगळं पुन्हा सांगितलं. युनिट, लिटर, साल. राग इतका आला होता की शेवटचं मी ओरडूनच सांगितलं.

अश्विन खूश झाला. "आंटीजी, अंकल एकदम सही बोल रहे हैं. साल के एक सौ बीस युनिट बचेंगे. छह-सात साल में ज्यादा का पैसा वसूल, फिर फायदा ही फायदा. दस साल कहीं नहीं जाता."

सहा-सात साल, दस साल. यांच्या शेजारी उभं राहून मला ते ऐकवेना. कसंही करून विषय संपवायचा म्हणून मी नेहमीच्या तोऱ्यात म्हणाले, "दहा वर्षं कोणी बघितलीत? तीनवालाच घ्या."

"तू बघशील," हे म्हणाले. अगदी हळू, चिडून नाही. मग अश्विनकडे वळले. "पाचवाला दे, बेटा. बिल हिच्या नावानं बनव. वॉरंटी कार्डावर पण हिचंच नाव. कांताबाई."

अश्विनला ती नवरा-बायकोची मस्करी वाटली. तो हसत बिल करायला गेला. मी फ्रीझरचं झाकण धरून उभी राहिले, कारण दुसरं काही धरायला नव्हतं.

रिक्षात मी विचारलं, "कधीपासून?"

"सुई टाकून तुकडा काढला, त्याआधी कॅन्सर लिहिलेल्या कागदावर सही घेतली ना. न वाचता सही करीन का मी?" मग म्हणाले, "बाकीचं तुझ्यावरून कळलं. मोरीचं दार पातळ आहे आपलं."

तीन महिने. तीन महिने मी या माणसाशी खोटं भांडत होते आणि हा माणूस मला भांडू देत होता. मला त्यांना मारावंसं वाटलं. मी त्यांचा हात धरला, आणि तो किती हलका झालाय ते मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं.

"पंचशीलला सांगू नको," हे म्हणाले. "फार जपून राहिला तो मला. त्याला वाटू दे, मला काही माहीत नाही."

संध्याकाळी टेम्पोतून फ्रीझर आला. पंचशीलनं किंमत ऐकली आणि कपाळाला आठ्या घातल्या, पण वडिलांकडे बघून लगेच हसला. "बढिया केलं, पापा. दहा वर्षं बिल कमी येईल. तुम्हीच भराल आरामात."

"हव," हे म्हणाले. "भरू ना."

दोघं एकमेकांकडे बघून हसत होते. मला ते सहन झालं नाही. मी तिथेच, उघड्या खोक्याशेजारी, मोठ्यानं रडायला लागले. पंचशील वडिलांच्या पाठीमागून मला डोळ्यांनी दटावू लागला, त्यांच्यासाठी. हे माझ्याकडे बघून हळूच नको म्हणून मान हलवत होते, त्याच्यासाठी.

मी म्हटलं, थैल्या लावताना मिरचीचा हात डोळ्याला लागला. घरात एकही मिरची नव्हती, आणि थैल्या अजून भरायच्या होत्या. दोघांनीही लगेच मानलं.