कोपरापर्यंत हात

अगं, तू नुसतं ऐक, मध्ये तोंड घालू नकोस!

ती थोरली सून आहे ना, तिनं सहज कोठारातल्या मोहरीच्या ढिगात हात खुपसला. मोहरीच ती, पाण्यासारखी! हात सुर्रकन कोपरापर्यंत आत. आणि आत काय, तर तापलेल्या पोराच्या कपाळासारखं गरम! ओलसर मोहरीचा ढीग घातला की आतल्या आत तापतो, बुरसतो, मग तेल खवट.

"वन्सं, ही वाळवलीत तरी का?"

नणंदेचा चेहरा खर्रकन उतरला. बाबांनी यंदा पहिल्यांदाच अख्खं पीक तिच्यावर सोपवलेलं. पिकल्या शेंगा तडकून दाणे मातीत जातील, या धास्तीनं तिनं अर्ध्या हिरव्या शेंगाच कापल्या, मळल्या आणि ढीग घालून मोकळी!

"वरून कोरडी आहे गं वहिनी. बाबा तेलघाणीवाल्याला घेऊन येतायत. एकदा त्यानं उचलली की सुटलो."

"आणि त्याच्याकडे कुजली म्हणजे?"

"तेव्हाचं तेव्हा! हातापाया पडते तुझ्या. बाबा पुन्हा मला शेतात उभं करतील का?"

तेवढ्यात फाटकाशी हॉर्न. सासरे आले ते छाती फुगवूनच. "या, या! माझ्या लेकीनं काढलंय पीक!"

घाणीवाल्यानं वरची चिमूटभर मोहरी तळहातावर चोळली, हुंगली. "झकास. उद्या ट्रॅक्टर पाठवतो." आणि सौदा पक्का करायला सासऱ्यांपुढे हात केला.

नणंदेची पापणी लवेना. सुनेनं बोलावं तर वन्सं तोंडघशी, गप्प राहावं तर त्या माणसाचं सगळं तेल खराब.

"काका," ती म्हणाली, आवाज कसला, नुसता चिरकला, "वरची नको. कोपरापर्यंत हात घाला."

त्यानं घातला. आणि चटकन बाहेर काढला.

सासऱ्यांनी आधी लेकीकडे पाहिलं, मग सुनेकडे, आणि मुकाट्यानं ताडपत्र्या आणायला गेले. घाणीवाला म्हणाला, "वाळवा. वास धरला नसेल तर बघू."

आता घरभर मोहरी पसरलीय, पाय ठेवायला जागा नाही. दोघी एकाच खोलीत दाणे खालीवर करतायत, पण वन्सं बोलल्या त्या एकदाच: "घरभेदी!"

सांग ना, तू असतीस तर काय केलं असतंस?